मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही

रामबाग, इंदूर
१२ सप्टेंबर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अमेरिकेत काय पाहिलंस रे?" आणि मी म्हणालो, "धूळ." तुला वाटलं मी टाळतोय. तसं नव्हतं. येऊन तीन आठवडे झाले, हिने ते जाकीट दोनदा धुतलं, तरी काल खिसा उलटा केला तर बोटाला पिठासारखी पिवळट माती लागलीच. तुझे नातू मागे इतके ओरडत होते की पुढचं सांगता आलं नाही. आता चहा घेऊन बैस.

भाचा सॉल्ट लेक सिटीला असतो हे तुला ठाऊक आहे. त्याचं एक टोळकं आहे. तीन मराठी घरं, दोन तेलुगू मुलं, आणि शेजारचे एक ७२ वर्षांचे गोरे गृहस्थ. त्यांना सगळे सरळ "आजोबा" म्हणतात आणि तेही त्या हाकेला ओ देतात. जुलैअखेरच्या एका शनिवारी आम्हाला पहाटे चारला उठवलं आणि दक्षिणेला तीन तासांवर मेरीसवेल नावाच्या गावी नेलं. आपलं सिमरोल त्यापुढे शहर वाटेल. पण तिथून पाययूट एटीव्ही ट्रेल जातो. डोंगरांतून फिरून परत जागेवर येणारी कच्ची वाट, पुरी फेरी ४०० किलोमीटरच्या वर. आम्ही त्यातला एक तुकडाच केला. गावातसुद्धा या एटीव्ही गाड्या रस्त्यावरून जातात आणि पंपावर रांगेत उभ्या राहतात, मंडीच्या दिवशी आपल्याकडे ट्रॅक्टर असतात तशा.

एटीव्ही म्हणजे चार ढब्ब्या चाकांची मोटारसायकल. भाच्याने आधी ऑनलाइन कोर्स करायला लावला तेव्हा मी मनात हसलो होतो. येझदी चालवलेल्या माणसाला कोण काय शिकवणार? सगळी मिजास दहा मिनिटांत उतरली. अ‍ॅक्सिलरेटर मुठीत नाही, उजव्या अंगठ्याशी असतो. तासाभरात अंगठा असा आखडला की पाण्याच्या बाटलीचं झाकण डाव्या हाताने उघडावं लागलं. वळणावर ही बया मोटारसायकलसारखी कलत नाही. अंग आपणच आतल्या बाजूला टाकायचं, नाहीतर बाहेरच्या बाजूला उलटायला बघते. सगळ्यात कठीण गेलं ते पायाचं. तोल गेला की पाय टेकायचा हे आपल्या हाडात मुरलेलं ना! आजोबांनी माझ्या बुटावर काठी टेकवून सांगितलं, इथे पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावर चढतं. तीनशे किलोचं धूड. दिवसभर मी पाय असे दाबून बसलो होतो की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या रडत होत्या.

मग त्यांनी नियम सांगितला, एकच. फाटा आला की थांबायचं. मागचा दिसला, त्याने आपल्याला पाहिलं, की मग निघायचं. धुळीमुळे दोन गाड्यांत शंभर-दीडशे मीटर सोडावे लागतात, त्यामुळे पुढचा माणूस दिसतच नाही. त्याची धूळ दिसते, आणि वारा असला तर तीही नाही. मला शेवटून दुसरा ठेवला. माझ्यामागे फक्त भाच्याची बायको. म्हणजे सूनबाई माझ्या भरवशावर!

भाच्याचं युटा हे नेवाडाखालोखाल अमेरिकेतलं सगळ्यात कोरडं राज्य. खालच्या खोऱ्यात मैलोगणती राखी रंगाची झुडपं, कंबरेएवढी. सेजब्रश म्हणतात. पहिल्या थांब्यावर आजोबांनी एक डहाळी बोटांत चुरून माझ्या नाकाशी धरली. बंड्या, दवणा! चैत्रातलं आमचं देवघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. इथे येऊन पुस्तकात पाहिलं, तर दोघांचं शास्त्रीय आडनाव एकच निघालं, आर्टेमिसिया. म्हणजे त्या उजाड मुलखात दवण्याचे चुलतभाऊ उभे होते आणि त्यांना देवाला वाहणारं कोणी नाही. हिला हे सांगितलं तर म्हणाली, एक फांदी आणायची होती. विमानतळावरच्या बाईंना काय सांगणार होतो?

वर चढत गेलं की झुडपं संपतात, मग पांढऱ्या सालीची अ‍ॅस्पेन लागतात, पिंपळासारखी पानं हलवणारी. त्याच्याही वर नुसता दगड. टुशर नावाचे हे डोंगर ज्वालामुखीचेच आहेत. आपला माळवाही लाव्ह्याचाच म्हणा, पण आपल्याकडे काळी माती, आणि तिथे शिखरं अशी फिकट पिवळी-पांढरी की लांबून वाटावं, कोणी चुन्याची भट्टी सांडली. वाटेत किंबर्ली लागलं. १८९० च्या दशकात सोन्यासाठी गजबजलेलं गाव, आता ओस. आजोबा म्हणाले, बँका आणि रेल्वे लुटणारा बुच कॅसिडी याच मुलखात लहानाचा मोठा झाला. मी म्हटलं, इंग्रजांचे खजिने लुटणाऱ्या, पाताळपाणीच्या आमच्या तंट्या भिल्लाची ओळख करून देऊ का? दिली. रेल्वे त्याच्या देवळापाशी थांबून सलामी द्यायची हे ऐकून म्हातारा जाम खूश झाला.

माथ्यावर पोचलो तेव्हा अकरा हजार फुटांच्या वर होतो. समोर डेलानो शिखर, १२,१६९ फूट. आपण जानापाववर चढून "किती उंच आलो रे" म्हणायचो, ते पुरते तीन हजार फूटही नाही. दम लागत होता, पण कबूल कोण करणार? जेवायला दशम्या, लसणीची चटणी आणि मी इंदुरातून नेलेली लौंगी सेव. पिशवीतून काढली तर पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं! इथे भरलेली हवा तिथे विरळ हवेत पसरली, आणि काय. तेलुगू पोरांनी फोटो काढले. मी टाचणी लावली, तर अर्धी सेव आजोबांच्या मांडीवर. त्यांनी ती वेचून खाल्ली, मग तिखटाने डोळे पुसले, मग पुन्हा हात पुढे केला.

एकच्या आत माथा सोडायचा असं ठरलेलं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथे ढग जमतात, विजा पडतात. त्यालाही तिथले लोक मान्सूनच म्हणतात, थेंब मोजून घ्यावेत एवढा पडला तरी.

उतरताना माझं मागचं चाक बसलं. धारदार दगड. सूनबाई मागून आली, थांबली. पुढे सगळी सामसूम. मोबाइलला रेंज नाही. घसा कोरडा पडला, खोटं कशाला सांगू. ती मात्र शांतपणे दगडावर बसून संत्रं सोलत होती. म्हणाली, "मामा, येतील ना. आपण दिसलो नाही तर आपल्या पुढचा समीर फाट्यावरून हलणारच नाही. तो हलला नाही की त्याच्या पुढचा हलणार नाही." आणि तसंच झालं. निरोप कोणी दिला नाही, पण एकेक फाटा अडत अडत पार पुढे आजोबांपर्यंत बातमी पोचली. वीस मिनिटांत त्यांची धूळ दिसली, उलटी येणारी.

पंक्चर कसं काढतात ऐक. चाक उतरवलं नाही, ट्यूब नाहीच. भोकात कानशीसारखी सळई फिरवून ते मोठं केलं (मी "अहो, अहो" म्हणालो), मग सुईच्या नेढ्यात चिकट दोरीचा तुकडा घालून आत खुपसला, सुई काढली, बाहेरची शेपूट कापली. थुंकी लावून बुडबुडे पाहिले. अगदी आपल्या पंक्चरवाल्यासारखे! हवा भरली फक्त ५ पौंड. आपण स्कूटरच्या मागच्या चाकात तीस भरतो. चाक मऊ असलं तर दगडाला लपेटून जातं म्हणे.

तो गुडघ्यावर बसलेला म्हातारा पाहताना मला तू दिसलास.

सिमरोलचा घाट, ८५ साल. तुझी राजदूत दुसऱ्या वळणावर बसली आणि आम्ही दोघं पुढे निघून गेलो. आजवर मी सगळ्यांना हेच सांगत आलो की आम्हाला कळलंच नाही. मला कळलं होतं. आरशात तू हात हलवताना दिसला होतास. शर्यत लागली होती, मी पहिला होतो. म्हटलं, दुसरा थांबेल. चोरलला पोचून मी कचोरी खाल्ली, दोन. दीड तासाने तू गाडी ढकलत आलास, शर्ट पिळून काढण्याजोगा, आणि एक शब्द बोलला नाहीस. मंगळवारी नेहमीसारखा सराफ्यात भेटलास. मीही विषय काढला नाही. एकोणचाळीस-चाळीस वर्षं.

आजोबांकडून ती दोरीची पाच तुकड्यांची पट्टी मागून आणलीय. येझदीला ट्यूब आहे, म्हणजे उपयोग शून्य.

डिसेंबरात इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला येणार म्हणालास ना, एक दिवस आधी ये. येझदीचं काम सुरू आहे, तुझ्यासाठी धाकट्याची बुलेट मागतो. चोरलपर्यंत जाऊ. पुढे तू.

तुझा,
नाना

ता. क. वहिनींना सांग, सेवेचं दुसरं पाकीट न फुटता परत आलं. ते तुमच्याकडे पाठवतोय.