डोमेन आमचं, मग कोडसाठी एवढी विनवणी कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

चप्पल लाइनीत आमचं दुकान वडिलांच्या काळापासनं आहे आणि वेबसाइट आठ वर्षांपासनं. बाहेरगावच्या कापशी चपलांच्या ऑर्डरी त्यावरनंच येतात. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, दोन, एक डॉट कॉम आणि एक डॉट इन. पहिल्या वर्षी दीडशे रुपयांत मिळालेलं डॉट कॉम रिन्यूला चौदाशेवर गेलं तेव्हा ठरवलं की दुसऱ्या रजिस्ट्रारकडं, म्हणजे डोमेन देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडं, न्यायचं, दोन दिवसांचं काम वाटलेलं, तीन महिने गेले.

वेबसाइट ज्या पोरानं करून दिली त्यानं डोमेन स्वतःच्याच नावावर आणि ईमेलवर घेतलेलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तेव्हा सगळेच तसं करायचे. आता तो बेंगळुरूला नोकरीला आहे तरी रात्री फोनवर बसून त्यानं ओटीपी दिले आणि आम्ही नाव, ईमेल आमचं करून घेतलं. इथंच फसलो. मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं की डोमेनला 60 दिवसांचं लॉक बसतं, तोवर ट्रान्सफर होत नाही! हा आयकॅनचा, म्हणजे डॉट कॉमसारख्या डोमेनचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम आहे, डिसेंबर 2016 पासनं, डोमेन चोरीला जाऊ नये म्हणून केलाय आणि ते कारण मला पटतं. पण त्याच नियमात रजिस्ट्रारला मुभा आहे की बदलाच्या आधी ग्राहकाला हे लॉक नको म्हणायचा पर्याय द्यावा, तो आम्हाला कुणी दाखवलाच नाही. आधी ट्रान्सफर करा, नाव मागनं बदला, एवढं एक वाक्य स्क्रीनवर असतं तरी आमचे दोन महिने वाचले असते.

त्या 60 दिवसांतच मुदत संपत आली, म्हणजे जुन्या रजिस्ट्रारकडंच चौदाशे भरून रिन्यू करावं लागलं. लॉक सुटल्यावर ट्रान्सफरला लागणारा कोड मागितला तर अकाउंटमध्ये त्याचं बटणच नाही, चॅटवर सांगतात टीम फोन करेल, फोन आला तर थांबा म्हणून डिस्काउंट देतात. कोड सातव्या दिवशी मिळाला. नियमानं मागितल्यापासनं पाच दिवसांत द्यायला लागतो. कोड टाकल्यावर जुन्या रजिस्ट्रारला परत पाच दिवसांची मुदत असते, ती त्यांनी पुरेपूर वापरली.

आणि ज्या दिवशी डोमेन गेलं त्याच दिवशी आमचा मेल बंद! डोमेन कुठं जोडलंय ते सांगणारे नेमसर्व्हर जुन्यांचे होते, ते त्यांनी काढून टाकले आणि मेल कुठं पोचवायचा ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड आम्ही कुणी उतरवून ठेवले नव्हते. ऐन नवरात्रात, अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या लोकांनी दुकान भरलेलं, आणि इकडं दोन दिवस एकही मेल आला नाही, त्यात किती ऑर्डरी गेल्या हे आता कधीच कळणार नाही याचं फार वाईट वाटतं. कोल्हापुरी चप्पलला 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जपणं म्हणजे काय ते आमच्या धंद्याला चांगलं माहितीय, पण दुकानाचं इंटरनेटवरचं नाव आठ वर्षं दुसऱ्याच्या नावावर होतं हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. गुजरीतल्या, लक्ष्मीपुरीतल्या, उद्यमनगरातल्या दुकानदारांनी आणि कारखानदारांनी आजच बघावं की आपलं डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे, मुदत संपायला चार-पाच महिने असतानाच हे काम काढावं आणि ट्रान्सफरच्या आधी सगळे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे वेबसाइट आणि मेल कुठं जोडलेत त्याच्या नोंदी, लिहून ठेवावेत. व्यापारी संघटनांनी यासाठी एक संध्याकाळ काढली तरी खूप होईल.

निक्सी या संस्थेकडं पण एक मागणी आहे. डॉट इन त्यांच्याच हातात आहे आणि देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासनं त्यांनीच दिलंय. डोमेनचं नाव मराठीत चालतं, मग लॉकची, कोडची, मुदतीची सूचना मराठीत का येत नाही? आपल्या रजिस्ट्रारांना तसं बंधन घाला आणि कोडचं बटण अकाउंटमध्येच द्यायला लावा.

आमचं डॉट इन अजून जुन्यांकडंच आहे, मुदत मार्चात संपते. कोड मागून आज चौथा दिवस.

आपला,
एक चप्पल विक्रेता, कोल्हापूर