पासवर्ड बदलला, तरी लॉगिन का होत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राउंडक्यूब (वेबमेल), डोव्हकॉट (लॉगिन तपासून टपाल दाखवणारा सर्व्हर) आणि मारियाडीबी (डेटाबेस) वापरून स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांत एक तक्रार ठरलेली असते: वेबमेल ‘पासवर्ड बदलला’ म्हणतो, पण नव्या पासवर्डने लॉगिन होत नाही.

दोष बहुधा हॅशचा, म्हणजे पासवर्डपासून बनवलेल्या, उलटा न फिरवता येणाऱ्या सांकेतिक मजकुराचा असतो. वेबमेलचे प्लगइन एका पद्धतीने लिहिते, डोव्हकॉट दुसरीच गृहीत धरते. दोन्हीकडे एसएचए-५१२-क्रिप्ट ही एकच हॅशपद्धत ठेवा. हा हॅश साधारण 106 अक्षरांचा. पुढे महिरपी कंसात पद्धतीचे नाव जोडले तर 120. डेटाबेसमधला पासवर्डचा रकाना 100 अक्षरांचा आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद असेल, तर शेपूट मुकाट्याने कापले जाते. रकाना 255 चा करा, मगच पासवर्ड पुन्हा बदला; कापलेला हॅश परत जुळत नाही.

बदल मुळात नोंदलाच जात नसेल, तर टेबलात पूर्ण ईमेल पत्ता आहे की फक्त ‘@’ च्या आधीचा भाग, ते पाहा. नाव जुळले नाही तर एकही ओळ बदलत नाही. वेबमेल वापरते त्या डेटाबेसच्या खात्याला पासवर्ड रकान्यावर अपडेटचा (बदलण्याचा) आणि नावाच्या रकान्यावर सिलेक्टचा (वाचण्याचा), असे दोन्ही अधिकार लागतात.

जुनाच पासवर्ड चालत राहिला, तर डोव्हकॉटची ऑथ कॅश (लॉगिनच्या माहितीची तात्पुरती साठवण) रिकामी करा.

वैतागून पासवर्ड उघड्या मजकुरात मात्र साठवू नका, ही कळकळीची विनंती. डेटाबेसचा एक बॅकअप बाहेर गेला, की सगळ्यांच्या टपालपेट्या उघड्या पडतात.

– एक मेल सर्व्हर प्रशासक, पुणे