दूध घालताना दर कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात पुण्याच्या एका भगिनींनी विचारलं होतं, की पिशवीतलं दूध सारखं महाग होतं, मग ते पैसे जातात कुठे? शेतकरी तर तक्रारच करत असतो. त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या वहीत जेवढं उत्तर आहे तेवढं देते.

मी संगमनेर तालुक्यातली. घरची सव्वादोन एकर जमीन आणि गोठ्यात पाच जनावरं. तीन संकरित गाई दुधात, एक सात महिन्यांची गाभण म्हणून आटवलेली (धार बंद केलेली) आणि एक कालवड. पहाटे साडेचारला मी आणि सासूबाई गोठ्यात जातो. शेण काढायचं, गव्हाणी झाडायच्या, सरकी भिजवायची, कास धुऊन धारा काढायच्या, सहाच्या आत किटल्या दूध संकलन केंद्रावर पोचवायच्या. मग कुट्टी, पाणी, दुपारचं शेण, आणि चारला पुन्हा तेच सगळं. आमचे मालक रान आणि वैरण बघतात. वैशाखात भाच्याचं लग्न होतं. हळदीला मी गेले आणि लग्नाला सासूबाई गेल्या, कारण दोघींनी एकदम गोठा सोडला तर धारा कोण काढणार?

आमच्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. मागच्या पगाराला 340 लिटर दूध घातलं. 3.5 फॅट (दुधातली स्निग्धता) आणि 8.5 एसएनएफला (स्निग्धता सोडून उरणारा घन भाग) दर 33 रुपये होता. आमचं एसएनएफ 8.3 लागलं. एका पॉइंटला, म्हणजे 0.1 ला, एक रुपया कापतात, म्हणून हाती पडले 31. झाले 10,540 रुपये. त्यातून पेंडीची चार पोती, 6,400. अर्ध्या एकरात गिन्नी गवत आहे पण ते पाच जनावरांना पुरत नाही, म्हणून सात क्विंटल मुरघास (मुरवलेला ओला चारा) विकत आणला, 2,450. खनिज मिश्रण 240. एका गाईला दगडी (कासेची सूज) होतेय असं वाटलं म्हणून डॉक्टर बोलावले, औषधासह 600. उरले 850. वीज धरलेली नाही, घरचं गवतही धरलेलं नाही. शेणखत कांद्याला जातं, तो फायदा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही.

महिन्याचे 2,550 होतात. 2022 साली लम्पी आला तेव्हा आमची सगळ्यात चांगली गाय गेली. सरकारने गाईला 30 हजार भरपाई ठरवली होती, ती आम्हाला मिळाली आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण तशी गाय 80 हजारांना आली. वरच्या 50 हजारांच्या कर्जाचा हप्ता महिना 1,400 जातो. राहिले 1,150. दोन बायांच्या महिनाभराच्या कामाचे. सासूबाईंचं वय 66 आहे.

गाय पाळायचं आम्हीच ठरवलं, कुणी गळ्यात बांधली नाही. त्यामुळे नुसतं रडगाणं गायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एकच आहे: दूध घालते त्या दिवशी मला दर माहीत असावा. आज तो पगाराच्या स्लिपवर कळतो. दहा दिवस दूध घालायचं आणि अकराव्या दिवशी समजायचं की मधल्या चौथ्या दिवसापासून दर दीड रुपयाने उतरला होता. का, तर दूध पावडर आणि लोण्याचे भाव पडले. भाव पडतात हे मलाही समजतं. पण आधी सांगितलं असतं तर मी त्या दहा दिवसांची पेंड तरी हिशेबाने आणली असती. आमच्या रानात ऊस असता तर हंगामाआधी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कळली असती आणि 14 दिवसांत पैसे द्यायचं बंधन कारखान्यावर असतं. दुधाला असं काहीच नाही. जुलै 2023 मध्ये सरकारने 3.5/8.5 ला किमान 34 रुपये जाहीर केले होते. त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वहीत 27 लिहिलेले आहेत. पुढच्या वर्षी लिटरला 5 रुपये अनुदान आलं. पण त्याला गाईच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद लागत होती. आमच्या एका गाईचा बिल्ला गव्हाणीत अडकून तुटला होता, त्यात आमचे दोन पगारांचे पैसे अडकले.

दुसरी गोष्ट मशीनची. उन्हाळ्यात गाय कमी खाते, एसएनएफ उतरतं, ते मान्य. पण चैत्रात मी एका संध्याकाळचं एकाच किटलीतलं दूध दोन बाटल्यांत भरून दोन केंद्रांवर नेलं. एकीकडे 8.2 आलं, दुसरीकडे 8.5. तीन पॉइंट म्हणजे लिटरला तीन रुपये, आणि 340 लिटरला 1,020. वर सांगितलेल्या उरलेल्या 850 पेक्षा जास्त! केंद्रावरचा पोरगा माझ्या मुलाएवढा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. मशीन शेवटचं कधी तपासलं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. वजनकाट्यावर वैधमापनाचा शिक्का असतो. तसाच फॅट-एसएनएफच्या मशीनवर तपासणीच्या तारखेचा शिक्का लावावा. आणि काट्यावर 17.46 दिसत असताना स्लिपवर 17.4 येऊ नये.

पुण्याच्या ताईंनी पिशवीवरचा दर बघूनच पिशवी घेतली असेल. तसाच फळा केंद्राच्या दाराशी लावावा: पुढच्या दहा दिवसांचा दर, आणि पॉइंटला किती कपात, किती वाढ.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे शेजाऱ्यांची दीड एकर मका चिकात आली आहे, म्हणजे दाणा दुधाळ आहे. मुरघास करायचा तर ती याच आठवड्यात कापावी लागेल. त्यांना रोख पैसे हवे आहेत आणि तो मुरघास मला पुढचे सात-आठ महिने पुरेल. घ्यावी की सोडावी, हे मला दुधाचा पुढचा दर माहीत नसताना परवापर्यंत सांगायचं आहे.

आपली,
एक दूध उत्पादक,
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर