मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ

सातारा

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

लेकीकडे न्यूयॉर्कला जायचं ठरलं, फार आनंद झाला. अंतर किती आणि वेळ किती, हे तू विचारलंयस. मुंबईपासून सर्वांत जवळच्या वाटेने न्यूयॉर्क सुमारे १२,५५० किलोमीटर. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ही वाट सापडायची नाही. पट्टीची रेघ अरबस्तान, सहारा असं करत अटलांटिकवर जाते आणि त्या रेघेने अंतर १४,२०० च्या आसपास भरतं. नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ. दोरा वायव्येच्या दिशेने उत्तरेकडे चढतो, नॉर्वे आणि आइसलँडवरून जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी खाली वळतो. गोलावरची जवळची वाट तीच.

विमान ताशी ९०० किलोमीटर धरलं तर १४ तास होतात. प्रत्यक्षात जाताना जास्त लागतात, कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी ताशी ७० किलोमीटरचा वारा समोरून आला तर तेच अंतर कापायला १५ तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो. शिवाय धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास धर. हवाई हद्दी बंद असल्या की वळसाही पडतो. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. म्हणून किलोमीटरवरून वेळ काढू नकोस, तिकिटावरचाच धर.

तिथेही एक मेख आहे. तिकिटावर दोन्हीकडचे स्थानिक वेळ असतात. समजा, सुटणार १२ जूनला रात्री १:३० आणि पोचणार १२ जूनलाच सकाळी ७:३०. दिसायला सहा तास. पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा.

दुबईमार्गे अंतर फार वाढत नाही, चार-पाचशे किलोमीटर एवढंच. वेळ जातो तो विमान बदलण्यात. मध्ये तीन तास तरी हवेत, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घे. वेगवेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरीकडचे लोक जबाबदारी घेत नाहीत.

आणि तारीख! रात्री १:३० चं विमान १२ तारखेचं, पण घर सोडायचं ११ लाच. तीन तास आधी, म्हणजे ११ ला रात्री साडेदहाला विमानतळावर हवं. सांगलीहून पेठ नाका, कराड, पुणे करत जवळपास पावणेचारशे किलोमीटर होतात. जेवण धरून नऊ तास, आणि खंबाटकी नाहीतर खंडाळ्यात गाड्या अडकल्या तर म्हणून वर अडीच. तेव्हा सकाळी ११ वाजता निघ. घरापासून विमान सुटेपर्यंतच साडेचौदा तास जातात बघ, जवळजवळ विमानातल्याइतकेच. वहिनींच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

दीडच्या सुमारास साताऱ्यात पोचशील. जेवण आमच्याकडेच, त्याचा वेळ वरच्या हिशेबात धरलाय.

तुझा,
विनायक