नायिकेच्या हातातली सुई

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

शिवणकामाचा कंटाळा करणारी नायिका भेटली की ती बंडखोर आहे असे समजून चालावे, असे तू लिहिलेस. लेखकांनी ही खूण फार वापरली आहे, हे मान्य. तरी तो कंटाळा नेमका कशाचा, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. जॉर्ज एलियटच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०) मधली लहानगी मॅगी गोधडीचे तुकडे जोडायला नकार देते, तेव्हा फाडलेले पुन्हा शिवत बसणे हा मूर्खपणा आहे असे ती म्हणतेच, पण ज्या मावशीसाठी ते करायचे ती मावशीच आपल्याला आवडत नाही, हेही त्याच दमात सांगून टाकते. मला हे दुसरे कारण अधिक खरे वाटते.

अ‍ॅलिस वॉकरच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेतही, योगायोगाने, एक मॅगीच आहे. तिची शिकलेली बहीण डी, जी गोधडी पूर्वी जुनाट म्हणून नाकारून गेली होती, तीच आता भिंतीवर टांगायला मागते. मॅगी ती रोज वापरून झिजवील, अशी तिला धास्ती. झिजली तर नवी शिवणे मॅगीला येते, हे आईला ठाऊक असते. कथा आईच्या तोंडून येत असल्यामुळे डीवर थोडा अन्याय होतो, असे माझे मत आहे.

सूझन ग्लास्पेलच्या ‘अ ज्युरी ऑफ हर पिअर्स’ (१९१७) मध्ये तर शिवण वाचताच येते. खुनाचा तपास करणारे पुरुष बायकांच्या गोधडीच्या गप्पांना हसतात, आणि स्वयंपाकघरात थांबलेल्या दोघींना मात्र एकसारख्या टाक्यांमध्ये मध्येच वेडावाकडा शिवलेला एक तुकडा सापडून संशयित स्त्रीच्या मनाची घालमेल कळते. त्यांतली एक तर ते टाके मुकाट्याने उसवून नीट घालू लागते.

सर्वांत गुंतागुंतीची मला हॉथॉर्नची हेस्टर वाटते. ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) मध्ये व्यभिचाराच्या कलंकामुळे गावाने दूर लोटलेली ती भरतकामावर पोट भरते, गावातले प्रतिष्ठित लोक तिच्याकडून कपडे भरून घेतात, फक्त नववधूच्या पांढऱ्या ओढणीचे काम तिला कधी मिळत नाही. त्या कामात तिला सुख लाभू शकले असते, पण इतर सुखांप्रमाणे तेही पाप समजून ती दूर सारते. आवड आणि सक्ती या दोन्हींत न बसणाऱ्या या वृत्तीला तू काय म्हणशील, ते सविस्तर कळव.

तुझी मैत्रीण