काकांच्या गाडीच्या रबरांबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. पाऊस झाला की काकांच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साचतं, कार्पेटला कुबट वास येतो, आणि आता सगळी रबरं एकदमच मागवून टाकतो असं लिहिलंयस. थांब जरा, अजून काही मागवू नको. बाबांच्या गाडीचं मी हेच केलं होतं, चारही दरवाज्यांचं बीडिंग, म्हणजे कडेने बसणारं रबर, नवीन घातलं आणि पाणी येतच राहिलं, कारण ते दरवाज्यातून येतच नव्हतं. समोरच्या काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते ना, तिच्या आत पालापाचोळा कुजून पाणी जायची वाट बुजली होती, आणि तुंबलेलं पाणी हवेच्या फॅनच्या वाटेने आत उतरत होतं. दोन दिवसांची मेहनत एका मूठभर कचऱ्यापायी गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी ती जाळी साफ कर. मग कार्पेट उचलून कोरडं कर, वहिनींना टॉर्च घेऊन आत बसव आणि तू बाहेरून पाइपने हळू धार सोड, जोरात नको. खालून सुरुवात करून थोडं थोडं वर जा, वरून सोडलंस तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कुठून आलं ते कळतच नाही. अंधार पडल्यावर उलटंही करून बघ, टॉर्च आत फिरवायचा आणि उजेड बाहेर कुठे दिसतो ते बघायचं. दरवाजा बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरून ओढ, जिथे सरकन निघून येते तिथे रबर दाबलंच जात नाहीये. आणि हो, साचलेलं पाणी बोटाला चिकट, गोडसर वासाचं लागलं तर ते पावसाचं नाही, हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय, त्याला कुठलंही बीडिंग उपयोगाचं नाही.

दरवाज्याच्या आत पाणी जाणं मात्र नॉर्मल आहे हे लक्षात ठेव. काचेच्या कडेने ते आत उतरतं आणि दरवाज्याच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं मोकळी हवीत, आणि दरवाज्याच्या आतल्या पॅनेलमागे जो प्लास्टिकचा पडदा असतो तो फाटलेला नको. बरेचदा मेकॅनिक पॅनेल काढतात आणि तो पडदा परत चिकटवत नाहीत, मग पाणी केबिनमध्ये येतं आणि शिव्या बीडिंगला बसतात.

एवढं करून रबरच गेलंय असं दिसलं तर मग खरेदी. जुन्या रबराला ज्या बारीक बारीक भेगा पडतात त्या हवेतल्या ओझोनने आणि उन्हाने, आणि रबर ताणलेलं असेल तर आणखी लवकर. बॉडीच्या रबरासाठी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर माग, ऊन पाऊस ते छान सोसतं. पण तेच ईपीडीएम पेट्रोल नाहीतर ऑइल लागलं की फुगतं, म्हणून इंजिनकडच्या पॅकिंगला नायट्राइल वगैरे ऑइल सोसणारं रबर लागतं. एकाच्या जागी दुसरं चालवून घेऊ नको. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतंच, त्यामुळे कुणी "ओरिजनल जुना स्टॉक आहे" म्हणून कितीही गळ घातली तरी आधी तुकडा दुमडून बघ, घडीवर चिरा दिसल्या तर परत कर.

गाडीचं मॉडेल सांगून बरोबर माल मिळेलच याची खात्री धरू नको. जुन्या बीडिंगचा कमी दबलेला भाग शोध, तिथून ब्लेडने पातळ चकती काप आणि ग्राफ पेपरवर ठेवून फोटो काढ. पत्र्याच्या ज्या कडेवर ते बसतं तिची जाडी मोज, कारण पकड तिथेच असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे दरवाजा बंद असताना मधे उरणारी फट. ती पट्टीने मोजता येत नाही, म्हणून मुलांच्या खेळण्यातली क्ले पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून सात-आठ ठिकाणी लाव, दरवाजा लावून उघड आणि चेपलेल्या क्लेची जाडी मोज. बीडिंगची पोकळ नळी साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे, म्हणजे फट १२ मिमी असेल तर नळी १८ मिमीच्या आसपास. यापेक्षा जाड घेतलंस तर दरवाजा लागत नाही, आणि आदळून आदळून लावायची सवय बिजागरी खाते.

जुनं काढताना घाई नको. प्लास्टिकच्या पट्टीने खरवड, उरलेला गोंद टर्पेंटाइनने पुस, आणि खाली गंज दिसला तर तिथेच थांब. ब्रशने घासून प्राइमर आणि रंग दे, पूर्ण वाळू दे. गंजावर बसवलेलं बीडिंग म्हणजे ओलं फडकं पत्र्यावर बांधून ठेवल्यासारखं आहे, कितीही उशीर झाला तरी ही पायरी सोडू नको.

नवीन रबर पाकिटात दुमडून येतं, ते तासभर उन्हात मोकळं पसरून ठेव म्हणजे घड्या सुटतात. बसवताना ते ताणायचं नाही, हे दहा वेळा लिहावंसं वाटतंय. ताणलेलं रबर काही दिवसांनी आक्रसतं, कोपऱ्यात कापून आत जातं आणि जोडावर फट उघडते. उलट थोडं ढकलत ढकलत बसव, कोपऱ्यात तर जरा जास्तच दे, जोड खालच्या बाजूला घे आणि कापताना ५ ते १० मिमी जास्त ठेवून दाबून मिळव. नळीला बारीक भोकं असतील तर ती हवा जायला आहेत, गोंदाने बुजवू नको. पहिले काही आठवडे दरवाजा जड लागेल, रबर बसलं की सुटेल, नाहीच सुटलं तर लॉक अडकतं तो खुंटा किंचित बाहेर सरकव.

समोरच्या काचेचं रबर एकट्याने करायचंच नाही. आधी रबर काचेवर चढवायचं, रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते तिच्यात चारी बाजूंनी नायलॉनची दोरी भरायची, टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून २० सेंटीमीटर तरी जाऊ द्यायची, आणि साबणाचं पाणी मनसोक्त लावायचं. काच बाहेरून टेकवली की एकाने आतून दोरी ओढायची, तिच्याबरोबर रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत येते, आणि दुसऱ्याने बाहेरून तळव्याने तिथेच दाबत जायचं. ठोकायचं अजिबात नाही, जुनी काच कोपऱ्यात तडकते.

डिकीचं रबर तुला बिनमहत्त्वाचं वाटेल, पण माझ्या मते आधी तेच बघ. गाडी चालताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो, डिकीला फट असेल तर तो आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला वास नाही, आणि मागच्या सीटवर मुलं बसतात.

सगळं झाल्यावर अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरव, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. गोंद लावायच्या आधी मात्र सिलिकॉन जवळही आणू नको, मग काहीच चिकटत नाही.

त्या चकतीचा ग्राफ पेपरवरचा फोटो आणि क्लेची मापं आधी मला पाठव, मग ऑर्डर दे. आणि काच बसवायचा दिवस ठरला की कळव, मी येतो, दोरी तू ओढ, बाहेरून मी दाबतो. काकांना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र