कॅनॉपी एका बोटाने सरकली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री मी बांधत असलेल्या विमानाची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं सरकतं पारदर्शक झाकण, एका बोटाने मागे गेली आणि एका बोटाने पुढे आली. साडेअकरा वाजून गेले होते, नाहीतर तेव्हाच फोन केला असता. पण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं. तुझी कॅनॉपी अजून खोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे दोन महिने गेले, तुझे जाऊ नयेत.

आपली रचना तुला माहीत आहेच. पुढे दोन्ही बाजूंना एकेक रोलर, कॉकपिटच्या काठावरच्या रेलमधून जाणारा, आणि मागे मधोमध एक ठोकळा, विमानाच्या पाठीवरच्या तिसऱ्या रेलवरून सरकणारा. मी फक्त पोलादी सांगाडा बसवून पाहिला, तर तो हातभर जाऊन अडकला. मला वाटलं, रोलर जड आहेत. रोलर बदलले, रेल घासून गुळगुळीत केल्या, ग्रीस लावलं. ग्रीसवर दोन दिवसांत धूळ बसली आणि सांगाडा आणखी जड चालायला लागला.

मग एक गोष्ट लक्षात आली. मधोमध धरून ढकलला तर तो बराच पुढे जायचा, डाव्या कोपऱ्याला धरला की लगेच रुतायचा. रुंद आणि उथळ ड्रॉवर एकाच टोकाला धरून ओढला की तिरका होऊन बसतो ना, अगदी तसं. म्हणजे अडचण घर्षणाची नव्हती, तिरकं होण्याची होती. दोन्ही रेलमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजलं, तर मागे ते 3 मिलिमीटरने कमी भरलं. मी रेल काठाला धरून लावल्या होत्या. काठाला धरून लावलेली रेल डोळ्याला सरळच दिसते, पण फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, शेपटीकडे निमुळता होत जातो आणि रेलही त्याच्याबरोबर आत येतात. म्हणून काठावर भरवसा ठेवू नकोस. नाकापासून शेपटीपर्यंत मध्यरेषेवर दोरा ताण आणि सगळी मापं त्या दोऱ्यापासून घे.

दोऱ्यावरून आधी उजवी रेल आणि मागची रेल एकमेकींना समांतर केल्या. मग बरोबर मापाची एक अॅल्युमिनियमची पट्टी कापली आणि ती मध्ये धरून डावी रेल पुढून मागे लावत गेलो. तरीही किंचित अडखळत होतं. यावर मी तीन रात्री विचार केला. सांगाडा तिरका होऊ नये म्हणून बाजूने आधार दोनच जागी लागतो. उजवा रोलर आणि मागचा ठोकळा मिळून ते काम पुरं करतात. डाव्या रोलरनेही बाजूने धरून ठेवलं की तिघांची ओढाताण सुरू होते. मी डाव्या रोलरचा एक वॉशर काढला आणि त्याला बाजूने एक मिलिमीटर मोकळीक दिली. आता तो फक्त वजन उचलतो, दिशा बाकीचे दोघे ठरवतात. मागच्या ठोकळ्याचा बोल्टही करकचून आवळू नकोस. विमानाची पाठ मागे उतरती आहे, त्यामुळे कॅनॉपी मागे जाताना तिचं शेपूट खाली झुकतं आणि ठोकळ्याला डुलायला जागा लागते.

एवढं झाल्यावर काच, म्हणजे अॅक्रिलिकचा पारदर्शक घुमट, बसवली आणि सांगाडा पुन्हा जड झाला! घुमटाच्या कडा सांगाड्याला थोड्या बाहेर ओढत होत्या. तेव्हा तुला एकच विनवणी आहे: काच दाबून सांगाड्यावर बसवू नकोस. पोलादाची नळी वाकवता येते, तीच वाकव. उरलेल्या फटीत शिम, म्हणजे पातळ चकती किंवा पट्टी, घाल. ताणात बसलेलं अॅक्रिलिक आज तडकत नाही, पुढे कधीतरी थंड सकाळी तडकतं.

कापण्याचं काम ऊबदार खोलीतच कर, कारण थंडीत अॅक्रिलिक ठिसूळ होतं. करवत वापरू नकोस, कटिंग डिस्क वापर. कडेवर एकही ओरखडा राहता कामा नये, बारीक सँडपेपरने घासून घे, कारण तडा तिथूनच निघतो. भोकांसाठी अॅक्रिलिकचंच ड्रिल घे. धातूचं साधं ड्रिल पलीकडे निघताना काच ओढून घेतं. माझा कापून उरलेला तुकडा असाच फुटला आणि मी देवाचे आभार मानले की तो तुकडाच होता. भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेव. एक मीटर लांबीत 30 अंशांच्या फरकाने अॅक्रिलिक 2 मिलिमीटर वाढतं, पोलाद जेमतेम 0.4. बाकीच्या वाढीला जागा नको का? आणि अॅसिटोन काचेच्या जवळपासही आणू नकोस.

या काचेची मला आता वेगळीच माया लागली आहे. दुसऱ्या महायुद्धात अशाच कॅनॉपीचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्याने ते फारशी खळखळ न करता सामावून घेतले. त्यावरूनच ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांना डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची वाट दिसली आणि 1949 मध्ये त्यांनी पहिलं भिंग बसवलं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिने पहिल्यांदा माझा चेहरा स्वच्छ पाहिला होता, ते मला काच पुसताना आठवलं.

आता मागच्या पिनांचं काम उरलं आहे. उडताना घुमटावरून हवा वेगाने जाते, वरचा दाब कमी होतो आणि कॅनॉपी वर खेचली जाते. बंद झाल्यावर मागची बाजू धरून ठेवणाऱ्या पिना घट्टच हव्यात, पण त्या शेवटच्या इंचातच खाचेत शिराव्यात, आधी कुठेही घासू नयेत. शिवाय काच फोडायची हातोडी सीटजवळ बसवायची आहे. विमान उलटलं तर सरकती कॅनॉपी उघडेलच असं नाही.

रविवारी ये. तू आत बस, मी बाहेरून बंद करतो. कडेने उजेड कुठून येतो ते आतूनच दिसतं आणि मला एकट्याला दोन्हीकडे उभं राहता येत नाही. येताना तुझ्या सांगाड्याची मापं घेऊन ये.

तुझाच,
मित्र